भिंतीकडे तोंड केलेल्या बाईसाहेब

पार्श्वभूमी

आमचं टेबल पाच खेळाडूंचं. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, पात्रं सहाव्या लेव्हलची: बार्बेरियन (दांडगा योद्धा), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी), बार्ड (जादू करणारी कलावंत) आणि रेंजर (रानातली शिकारी). खेळाडूंची नावं इथे देत नाही, पात्रांवरूनच ओळखू या.

मोहिमेच्या मध्यावर मला एक मोठा शत्रू हवा होता. ड्रॅगन होऊन गेला होता, लिच, म्हणजे मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार, अजून परवडणारा नव्हता. म्हणून एक चित्र घेतलं. एका जुन्या हवेलीच्या दालनात टांगलेलं, पुरुषभर उंचीचं तैलचित्र. त्यात लाल शाल पांघरून बसलेली एक बाई, मांडीवर पिवळी पोथी, खांद्याशी हिरवा पोपट, मागे निळा पडदा. बाई जिवंत आहे आणि जादू करते. टेबलाने पहिल्याच सेशनला तिचं ‘बाईसाहेब’ असं बारसं करून टाकलं.

आकडे मी पुस्तकातल्या ‘मेज’चे, म्हणजे तयार जादूगार शत्रूचे, जसेच्या तसे उचलले. ४० हिट पॉइंट (किती मार सोसेल ते), स्पेल सेव्ह डीसी १४ (तिच्या मंत्रातून वाचायला फाशावर गाठायचा आकडा), पाचव्या पातळीपर्यंतचे मंत्र. प्रकार तेवढा ‘कन्स्ट्रक्ट’ (जादूने जिवंत केलेली वस्तू) केला. सगळी तयारी झाली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी एका जादूगार बाईला चौकटीत बसवलं होतं, बस्स. चित्र असं काही बनवलंच नव्हतं.

काय बिघडलं

लढाई सुरू झाली. बाईसाहेबांनी एक मंत्र टाकला. पुढची पाळी बार्बेरियनची.

“मी चित्र भिंतीवरून उतरवतो, पालथं घालतो आणि वर बसतो.”

टेबल हसलं. मीही हसलो, आणि मग लक्षात आलं की याला माझ्याकडे उत्तरच नाही. नियम सरळ आहे. मंत्र टाकायचा तर लक्ष्यापर्यंत वाट मोकळी हवी, आणि बहुतेक मंत्रांना ते दिसायलाही हवं. फरशीकडे तोंड केलेलं चित्र फक्त फरशी बघतं. मी म्हणालो, “तिला कॅनव्हासच्या आरपार दिसतं.”

“मागूनही?”

“मागूनही.”

कोणी वाद घातला नाही, पण टेबल गप्प झालं. तेवढ्यात विझार्डने फायर बोल्ट हा आगीचा मंत्र टाकला. त्या मंत्रात लिहिलंच आहे की कोणी अंगावर न घातलेली, हातात न धरलेली ज्वलनशील वस्तू पेट घेते. मी दुसरं खोटं बोललो: तिच्यावर आगीचा परिणाम होत नाही. विझार्ड शांतपणे म्हणाली, “जवसाच्या तेलात रंगवलेल्या कापडावर?”

तिथेच मी हात टेकले आणि सेशन थांबवलं. तसं पाहिलं तर दोघांनी चतुराई केलीच नव्हती. चित्र समोर आलं की माणूस काय करेल? उलटं करेल, झाकेल, फाडेल, जाळेल. पाच वर्षांच्या पोराला विचारलं तरी हीच यादी मिळेल. पुस्तकात वस्तूंसाठी जो तक्ता आहे त्यात कापडाचा एसी (घाव लागायला गाठायचा आकडा) ११ दिलाय आणि नाजूक मोठ्या वस्तूचे सरासरी हिट पॉइंट ५. म्हणजे जे जगात खरं आहे, तेच नियमांतही खरं होतं. ते नाकारणारा मी एकटाच.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न बाईसाहेबांचा नव्हताच, झालेल्या सेशनचा होता. ते मागे घ्यायचं का? मी ग्रुपवर लिहिलं: माझी दोन्ही उत्तरं चुकली, दोन्ही रद्द. चित्र जळालं, तुम्ही जिंकलात. पण जळालं ते मूळ चित्र नव्हतं, नक्कल होती, आणि हे मी आत्ता ठरवतोय, आधीपासून ठरलेलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य लिहू की नको, यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. ‘ती नक्कल होती’ ही युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. खेळाडूंना ती लगेच कळते, आणि लपवली तर जास्तच कळते. शिवाय त्यांच्या विजयाचं काहीतरी त्यांच्या हाती राहायला हवं होतं. म्हणून राखेत न जळालेला एक तुकडा ठेवला. त्यावर बाईसाहेबांचा डावा हात होता, फक्त कोळशाने रेखलेला. नक्कल करणाऱ्याने मूळ चित्र इमानेइतबारे उतरवलं होतं. तिथेही हात अर्धाच होता.

मग मूळ चित्राचं काय करायचं?

हिट पॉइंट वाढवून आगीपासून संरक्षण देणं सर्वात सोपं होतं. ते मी पाचेक मिनिटांत बाद केलं. एकदा नाकारलेलं उत्तर आकड्यांचे कपडे घालून परत आणल्यासारखं झालं असतं.

तिला चौकटीतून बाहेर येऊ द्यायचं, हा पर्याय क्लेरिकने सुचवला. मोह झाला. पण बाहेर आलेली बाई म्हणजे पुन्हा तीच ४० हिट पॉइंटची जादूगार. मग चित्र कशाला?

तिसरा पर्याय दालनात तिची अनेक चित्रं ठेवायची आणि तिने एकातून दुसऱ्यात उडी मारायची. हा चांगला होता, पण एकटा पुरला नसता. पाच जण पाच चौकटी जाळत सुटले असते आणि मी सहावी, सातवी काढत बसलो असतो.

शेवटी वहीत एका पानावर मी खेळाडू करू शकतील त्या सगळ्या गोष्टी लिहिल्या: उलटं करणं, झाकणं, जाळणं, फाडणं, रंग खरवडणं, वर रंगवणं, डिस्पेल मॅजिक (जादू मोडणारा मंत्र), सायलेन्स (आवाज बंद करणारा). प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहिला: हे चाललं तर पुढे काय? ‘हे कसं अडवू’ असं लिहायचं नाही, हा स्वतःवर घातलेला दंडक.

काय ठरवलं आणि का

उलटं करणं चालतं. पूर्ण चालतं. उलट्या चौकटीतून तिला काही दिसत नाही, कोणावर मंत्र टाकता येत नाही. मात्र दालनात सात चौकटी आहेत, आणि इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांच्या क्रमाच्या) २० व्या आकड्यावर, म्हणजे ज्या जागी पुस्तक शत्रूच्या ठिकाणाची खास चाल म्हणजे लेअर अ‍ॅक्शन ठेवतं तिथे, ती सरळ टांगलेल्या दुसऱ्या चौकटीत जाऊ शकते. सगळ्या उलट्या झाल्या की आहे तिथेच अडकली. यामुळे पालथं घालून वर बसणं हा सबंध लढाईवरचा तोडगा उरला नाही, पण एका पाळीपुरती ती उत्तम चाल झाली. पाच जण दालनभर धावत चौकटी फिरवतायत हे चित्र मला त्या खोटं बोलण्यापेक्षा कितीतरी आवडलं.

जाळण्याचं उत्तर पुस्तकातच सापडलं. ‘रग ऑफ स्मदरिंग’ नावाचा एक जिवंत गालिचा आहे. त्याने कोणाला गुंडाळलं असेल तर गालिच्यावरच्या घावाचं अर्धं नुकसान त्या अडकलेल्या माणसाला होतं. हाच नियम बाईसाहेबांना दिला. ती माणसाला नावाने हाक मारते. करिश्मा सेव्ह, म्हणजे त्यातून वाचायचा फासा, चुकला की माणूस चित्रात. आता जाळा खुशाल, अर्धी आग आपल्याच माणसाला. आग लागतेच, तिला मी हात लावला नाही. काडी ओढायची की नाही, एवढंच अवघड केलं.

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवला, कारण अडकवणारा शत्रू टेबलावर एक वाईट गोष्ट करतो: एका खेळाडूला तासभर फोन बघत बसवतो. म्हणून चित्राच्या आतला वेगळा नकाशा काढला. आत गेलेल्याची पाळी चालूच राहते. आत गालिचा आहे, खिडकी आहे, जिच्या पलीकडे काहीच रंगवलेलं नाही, आणि पाठमोऱ्या बसलेल्या बाईसाहेब आहेत. तिला धरता येतं, ढकलता येतं, पोथी ओढता येते. ती दुसऱ्या चौकटीत गेली की माणूस मागेच राहतो, आणि बाहेरचं कोणीही डीसी १५ चा ताकदीचा चेक (फाशावर १५ गाठायची परीक्षा) करून त्याला ओढून काढू शकतं. म्हणजे पळायचं तर कैदी सोडावे लागतात.

मंत्र रंगांशी जोडले, आणि हा माझा स्वतःचा लाडका भाग आहे, त्यामुळे थोडं सहन करा. शाल हिंगुळाची: दोन फायरबॉल. पडदा लाजवर्दी: एक कोन ऑफ कोल्ड (थंडीचा झोत). पोपट जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजातून निघणाऱ्या विषारी हिरव्याचा: एक स्टिंकिंग क्लाउड (दुर्गंधीचा ढग). केस काजळीचे: डार्कनेस (अंधार). मोती सफेद्याचे: मिरर इमेज (स्वतःच्या फसव्या प्रतिमा). आणि पोथी हरताळाची: दोन काउंटरस्पेल (समोरच्याचा मंत्र मोडणारा मंत्र). हरताळ हा आर्सेनिकचा पिवळा रंग. पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक तोच लावत, म्हणून आपण अजून एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ म्हणतो. समोरच्याचा मंत्र पुसणाऱ्या बाईच्या मांडीवर दुसरा कुठला रंग शोभला असता?

प्रत्येक मंत्रागणिक तो रंग चित्रातून उडतो. खेळाडूंना ते दिसतं. शत्रूकडे किती मंत्र उरलेत हे डीएम सहसा पडद्याआड ठेवतो. मी ते टेबलावर मांडायचं ठरवलं.

मोठ्या शत्रूला पुस्तक दिवसातून तीन ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’ देतं: सेव्ह चुकला तरी जमला असं म्हणायची सोय. खेळाडूंना याचा राग येतो, कारण त्यांचा चांगला मंत्र कशामुळे वाया गेला ते दिसत नाही. मी त्याचे तीन व्हार्निशचे थर केले. एक वापरला की एक थर तडकून गळतो. शिवाय टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन जवळ गेलात तर पाळीतल्या एका अ‍ॅक्शनमध्ये एक थर पुसता येतो. टर्पेंटाइन शेजारच्या चित्रशाळेत डब्याने ठेवलं.

राहिला तो अर्धा हात. तो मी राखेत केवळ सजावट म्हणून टाकला होता. वहीत बघता बघता लक्षात आलं की बाईसाहेबांना काय हवंय तेच मला माहीत नव्हतं. चौकटीच्या काठाला धरून बाहेर यायला दोन हात लागतात. तिला एकच आहे. ती चित्रकारांना आत ओढते ती हात पुरा करून घ्यायला. तिघांनी प्रयत्न केले, तिन्ही हात बिघडले, तिघेही अजून चित्रात मागे उभे आहेत. हे सुचलं आणि पहिल्यांदाच ती मला कोणीतरी वाटली.

टेबलावर

सेशनच्या आधी मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर जलरंगात बाईसाहेब काढल्या आणि कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. बाजूला पाण्याची वाटी आणि ओला ब्रश. पहिला काउंटरस्पेल पडला तेव्हा काही न बोलता मी पोथीवरून ब्रश फिरवला. पिवळा रंग वर आला, टिपकागदात गेला, मांडीवर फिकट डाग उरला. रेंजर पुढे वाकली. “थांब. म्हणजे शाल दोनदा?” त्यानंतर कोणीही डोकं वर काढलं नाही.

चौकटी फिरवायचं त्यांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या फेरीअखेर तीन उलट्या झाल्या होत्या. मग रेंजरने अशी गोष्ट पाहिली जी लिहिताना मला दिसली नव्हती. फायरबॉलचा गोळा २० फूट त्रिज्येचा, आणि तोही ज्वलनशील वस्तू पेटवतो. ती मुद्दाम एका सरळ चौकटीला पाठ लावून उभी राहिली. “मार ना.” बाईसाहेबांनी शाल वापरली तर स्वतःचंच दालन जळणार. मी क्षणभर विचार केला की ‘तिची आग चित्रांना लागत नाही’ असं म्हणावं. पहिल्या सेशनची आठवण ताजी होती. म्हटलं नाही. दोन्ही फायरबॉल शेवटपर्यंत शालीतच राहिले.

तिसऱ्या फेरीत बार्बेरियनला हाक लागली आणि तो आत गेला. त्याच सुमारास क्लेरिकने डिस्पेल मॅजिक टाकला, आणि मी अडलो. तो मंत्र मंत्रांना संपवतो, प्राण्यांना नाही. वहीतल्या यादीत त्याचं नाव होतं, समोरची जागा मात्र कोरी. ‘अ‍ॅनिमेटेड आर्मर’चा (जिवंत चिलखताचा) नियम आठवला: कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या काटकपणाचा) सेव्ह चुकला तर एक मिनिट बेशुद्ध. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या, म्हणजे लढाई संपली. तरी तोच लावला, कारण आडवा यायला व्हार्निश होतं. सेव्ह चुकला, एक थर गळला. रेंजरने चिंधीने दुसरा पुसला.

पाचव्या फेरीत बार्डने शस्त्र खाली ठेवलं. राखेतला तुकडा तिनेच उचलला होता, आणि तिच्याकडे चित्रकाराची साधनं वापरण्याचं कौशल्य होतं, जे आजवर एकदाही कामी आलं नव्हतं. ती म्हणाली, “बाईसाहेब, हात मी काढून देते.”

खलनायिकेला जे हवंय ते कोणी देऊ केलं तर तिने थांबायलाच हवं. मी तिला थांबवलं. चेक डीसी १५, बार्डला १९ पडले. मी विचारलं, “हात कसा काढतेस?”

“तोंडावर ठेवलेला.”

टेबलावर कोणी काही बोललं नाही. मग एकदम सगळे.

आता निर्णय माझा होता. तैलरंग वाळायला दिवस लागतात. ओला हात ती उजव्या हाताने पुसू शकते, आणि वाळलेल्या जुन्या थरावरचा ताजा रंग पुसला तर खालचं तोंड शाबूत राहतं. म्हणून ठरवलं: पुसायला तिला एक अ‍ॅक्शन लागेल, तोवर मुकी. हाक बंद, आवाज लागणारे सगळे मंत्र बंद. फक्त काउंटरस्पेलला आवाज लागत नाही, हाताची खूण पुरते, आणि पोथीत एक शिल्लक होता.

तेव्हा आतून बार्बेरियन म्हणाला, “मी तिचं उजवं मनगट धरतो.” नियमाप्रमाणे ग्रॅपलने (धरून ठेवण्याने) फक्त हालचाल थांबते, हात मोकळेच राहतात. मी नियम बाजूला ठेवला आणि मनगट धरलं म्हणजे धरलं, असं ठरवलं. रेंजरने तिसरा थर पुसला. क्लेरिकने दुसरा डिस्पेल टाकला. सेव्ह चुकला. त्यांनी आधी बार्बेरियनला, मग तिघा चित्रकारांना ओढून काढलं आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जाळायचं का, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. नाही जाळलं.

निकाल

लढाई सव्वातीन तास चालली, जी मला लांब वाटली. सात फेऱ्यांत बाईसाहेबांनी आठांपैकी तीनच मंत्र टाकले: एक काउंटरस्पेल, पडदा आणि पोपट. एवढ्यात लढाई अवघड वाटली, कारण चौकटी फिरवण्यात त्यांच्या पाळ्या जात होत्या आणि आपला माणूस आत असल्याने आग वापरता येत नव्हती. एकटा शत्रू आणि पाच खेळाडू यांतला पाळ्यांचा असमतोल मला हिट पॉइंट वाढवून भरून काढावा लागला नाही.

काही गोष्टी जमल्याही नाहीत. बार्बेरियन आत एकूण चार फेऱ्या होता आणि पहिल्या दोन त्याने खिडकी तपासण्यात घालवल्या. आत काय करता येईल हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, नकाशा तेवढा दिला. विझार्डची लढाई तर पडून राहिली. तिचे अर्धे मंत्र आगीचे होते. मला ते माहीत होतं, तरी तिच्यासाठी दुसरं काही ठेवलं नव्हतं.

पुन्हा केलं तर

रंग सहाचे चार करेन. केस आणि मोती वापरलेच गेले नाहीत, आणि डार्कनेस देणं हा शुद्ध वेडेपणा होता. जिचं सगळं बळ बघण्यात आहे, ती स्वतःसमोर अंधार का करेल?

अर्ध्या हाताची खूण राखेत होती, तीही एकट्या बार्डच्या हातात. ती त्या दिवशी आली नसती तर शेवट दुसराच झाला असता. पुढच्या वेळी चित्रशाळेत तिघांचे बिघडलेले सराव-हात भिंतभर टांगेन, आणि सुटून आलेल्या एखाद्या नोकराला बाईसाहेबांनी “तुला हात काढता येतो का?” असं विचारल्याचं आठवत असेल.

विझार्डसाठी चित्रशाळेत जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग ठेवेन. अशा चिंध्या साठून राहिल्या की आपोआप तापून पेटतात, हे खरं आहे. आग दालनाबाहेर लागली तर बाईसाहेब काय करतील? कैदी सोडून पळतील, की मदतीला हाका मारतील? हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि ‘मनगट धरलं म्हणजे धरलं’ हा निर्णय वहीत लिहून ठेवलाय. कारण मागच्याच आठवड्यात एका ओग्रने (धिप्पाड राक्षसाने) क्लेरिकचं मनगट धरलं, आणि सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं.